दुर्गेश्वरीचं नाव

कुंजीलाल टेंभरेला हळू बोलता येत नसे. पोटातली गोष्ट ओठांवर यायला माणसाला थोडा तरी वेळ लागतो, पण कुंजीलालच्या पोटात आणि ओठांत देवानं अंतरच ठेवलं नव्हतं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्या साली त्यानं गोरेगावच्या एसटी स्टँडसमोर एसटीडी-पीसीओचं दुकान टाकलं. आसपासच्या लोकांचे फोन तिथेच येत. फोन आला की कुंजीलाल रिसीव्हर बाजूला ठेवी, रस्त्यावर येई आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडे, "उदाराम! ओ उदाराम! तुमच्या जावयाचा फोन हाये नागपूरवरून! नातू झाला तुमाले!" बिचारा उदाराम सायकल स्टँडवर लावून दुकानात पोचेपर्यंत अर्ध्या बाजारानं त्याचं अभिनंदन करून झालेलं असे. स्वतःच्या नातवाची बातमी सगळ्यात शेवटी त्यालाच कळायची.

लोक हसत, चिडतही. पण त्याच्यावर कायमचा राग कोणी धरला नाही, कारण माणूस मनाचा निर्मळ होता. चुगली त्यानं कधी केली नाही. जे सांगायचं ते भर रस्त्यात, ज्याचं त्याच्या तोंडावर. "लपवते तो चोर," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायको सुखवंता अगदी उलट, चार शब्दांत दिवस काढणारी. "तुमच्या दोघाइचं मिळून एका मानसाएवढं बोलनं होते," असं शेजारची मंदाबाई म्हणायची. ती बाजारात भाजी विकायची आणि तिची जीभही काही कमी नव्हती.

कुंजीलालला दुसरा नाद होता सोयरिकी जुळवण्याचा. पोवार समाजात एका कुरात, म्हणजे एका कुळात, लग्न होत नाही, त्यामुळे कोण कोणत्या कुराचं हे विचारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. दोन अनोळखी पोवार एसटीत शेजारी बसले, तर गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत कुर, गाव, बापाचं नाव, मामाचं कुर, शेती कुठे, बहीण कुठे दिली, सगळं बाहेर येतं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. उलट जो सांगायला कचरतो, त्याच्याबद्दल शंका घेतात. बालाघाटापासून तिरोड्यापर्यंतची अशी कित्येक घरं कुंजीलालच्या जिभेवर होती, आणि त्यानं जमवलेली लग्नं टिकलीही होती.

याच सवयीतून त्याचा एक विश्वास पक्का झाला होता. घर जितक्या लोकांना माहीत, तितकी घरची लेक सुरक्षित. त्याला तसा अनुभवही आला होता. दुर्गेश्वरी, त्याची एकुलती एक मुलगी, सातवीत असताना मामाच्या गावाहून सायकलनं येत होती. वाटेत सायकलची चेन उतरली. मोटारसायकलवरचा कोणी एक जण थांबला आणि उगाच जवळीक करू लागला. धानाच्या बांधीत निंदण करणाऱ्या बायांपैकी एक जण कंबर सरळ करून ओरडली, "ए, कुंजीलाल टेंभरेची पोरगी हाये ते!" तेवढ्यावर तो गडी पसार झाला. कुंजीलालनं ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं सांगितली आणि दर वेळी शेवटी म्हणायचा, "पाहा, नावानं वाचवलं."

गावात ते खरंच होतं. आमच्याकडची लोकं नाव कळलं की डोळे खाली घालतात, कारण त्या नावामागे बाप, मामा, सगळं गाव उभं असतं.

दुर्गेश्वरी आईवर गेली होती. बोलणं कमी, काम नीटनेटकं. बापाच्या बडबडीला ती लहानपणी हसायची, मोठी झाल्यावर थोडी लाजायची, पण माया दोघांची फार. शाळेतून येताना ती दुकानात थांबायची आणि कुंजीलाल तिच्यासाठी बिस्किटाचा पुडा काढून ठेवायचा. ती नर्सिंग शिकली, गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात लागली आणि फुलचूरला खोली घेऊन राहू लागली. स्कूटी घेतली. रविवारी त्या स्कूटीवर ती गोरेगावला येई, तेव्हा कुंजीलाल दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आली पाहा आमची सिस्टर."

दरम्यान पीसीओचे दिवस सरले. खिशाखिशात मोबाइल आले, तसं रस्त्यावर ओरडायचं कामच उरलं नाही. कुंजीलाल रिचार्ज मारू लागला, मोबाइलची कव्हरं विकू लागला. त्याचं मन त्यात रमत नव्हतं. मग कोणीतरी त्याला मोठ्या काचेचा मोबाइल घ्यायला लावला आणि समाजाच्या सोयरिकीच्या ग्रुपमध्ये टाकलं. त्या दिवसापासून गड्याला पुन्हा तरतरी आली. बालाघाट, शिवनी, नागपूर, भंडारा, कुठकुठले लोक त्यात! दुकानात बसल्या बसल्या साऱ्या समाजाशी बोलता येतं, यापरता आनंद कुंजीलालला कोणता?

दुर्गेश्वरी लग्नाची झाली होती. बापानं तिची माहिती ग्रुपवर टाकली आणि टाकली ती आपल्या पद्धतीनं, काही हातचं न राखता. नाव, कुर, आईचं कुर, जन्मतारीख आणि वेळ, दवाखान्याचं नाव, कोणत्या पाळीत ड्यूटी असते ते, फुलचूरला कोणाच्या घरी भाड्यानं राहते ते, तिचा मोबाइल नंबर. सोबत चांगले चार फोटो. त्यातल्या एकात ती स्कूटीला टेकून उभी होती. मागे घरमालकाच्या नावाची पाटी आणि पुढे गाडीचा नंबर, दोन्ही स्पष्ट दिसत होतं.

रविवारी तिनं ते पाहिलं. "बाबूजी, माझा नंबर काऊन टाकला? ड्यूटी कायले सांगतली?"

"मंग? पोराकडच्याइनं इचारलं तं? आपलेच लोक होत ते, सगळे, सप्पा पोवार."

"तुमी पाहिलं का सप्पाइले?"

"पाहाचं काय त्यात? अवो, जितके लोक वळखतील तितकं चांगलं. ते सायकलची गोष्ट इसरली काय?"

ती विसरली नव्हती. पण बापाशी वाद घालायची तिला सवय नव्हती. तिनं बापाच्या मोबाइलवरून ते फोटो काढून टाकले. तोवर ते कुठून कुठे गेले होते कोण जाणे. कोणी दुसऱ्या ग्रुपवर टाकले, तिथून कोणी तिसऱ्या. बांधीतल्या बायांना चेहरे तरी होते. इथे नुसते नंबर होते.

सुरुवातीला सगळं छान झालं. आमगावच्या केशोराव बिसेनांच्या मुलाचं स्थळ त्या ग्रुपमधूनच आलं. मुलगा हेमेंद्र, रेल्वेत नोकरी, बोलायला गोड. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दुर्गेश्वरीच्या चेहऱ्यावर कुंजीलालनं कधी न पाहिलेला उजेड आला. साखरपुडा ठरला. "पाहिलं? लपून राहिलो असतो तं हे स्थळ आलं असतं काय?" तो सुखवंताला म्हणाला. सुखवंता तांदूळ निवडत होती. तिनं नुसती मान हलवली.

आणि मग दुर्गेश्वरीला फोन येऊ लागले. अनोळखी नंबर, घाणेरडे आवाज. आधी वाटलं चुकून येतात. एका फोनवर समोरच्यानं तिला नावानं हाक मारली, फुलचूरचं घर सांगितलं, "आज तो छुट्टी जल्दी होती है ना तुम्हारी," असं म्हणाला. कोणीतरी तिच्या नावानं खोटं खातं उघडलं होतं. फोटो तिचे, नंबर तिचा आणि खाली जे लिहिलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. एका फोटोत तर चेहरा तेवढा तिचा होता. दवाखान्यातल्या वॉर्डबॉयपर्यंत ते सगळं पोचलं. कोणी तोंडावर बोललं नाही. ती आली की लोक मोबाइल खिशात घालायचे, तेवढंच.

ती आईला घेऊन पोलिसांत गेली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहिली, ते खातं बंदही झालं. काही दिवसांनी त्याच फोटोंचं दुसरं उघडलं. हे करणारा कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तो समाजातला होता की बाहेरचा, जवळचा की हजार मैलांवरचा, आजही कोणी सांगू शकत नाही.

केशोराव स्वतः घरी आले. माणूस वाईट नव्हता. चहाला हात न लावता म्हणाले, "टेंभरे भाऊ, पोरीत खोट नाई, आमाले मालूम हाये. पण लोकाइचं तोंड कोन धरल? माही आणखीन एक पोरगी हाये लग्नाची." हेमेंद्र आला नव्हता. त्यानं फोनही केला नाही. दुर्गेश्वरी आतल्या खोलीत होती आणि मधला दरवाजा उघडा होता, त्यामुळे तिनं सगळं ऐकलं. ती रडली नाही याचं कुंजीलालला बरं वाटलं. असला अडाणी बाप!

तिनं नोकरी सोडली, नंबर बदलला आणि लांबच्या शहरात काम शोधलं. गोंदिया स्टेशनवर गाडीत बसताना ती बापाला एवढंच म्हणाली, "बाबूजी, आता मले कोनाच्या तोंडात राहाचं नाई." कुंजीलालनं मान डोलावली. त्याला वाटलं, पोरगी लोकांविषयी बोलते आहे.

घरी येऊन तो पहिल्यांदा गप्प बसला. दुकान उघडं टाकून नुसता रस्त्याकडे पाहत राहायचा. सुखवंता ताट वाढायची, तो उष्टं टाकून उठायचा. आपल्याच हातानं आपण लेकीचं घर उघडं टाकलं, हे त्याला उमगलं होतं. बैल गेला अन् झोपा केला अशी गत. पण ज्याचा बैल गेला तोच झोप्याचं मोल जाणतो. कुंजीलालनं ठरवलं, आपलं झालं ते दुसऱ्या कोणाचं होऊ द्यायचं नाही.

देवानं दिलेला आवाज होताच. पुढल्या बाजाराच्या दिवशी तो मंदाबाईच्या दुकानाशेजारी एका खोक्यावर उभा राहिला. "माया-बहिनीइनो, आयका! मी कुंजीलाल टेंभरे, गोरेगावचा! माह्या पोरीचं नाव दुर्गेश्वरी! मी बापानं तिचा नंबर मोबाइलवर टाकला, फोटो टाकली!" लोक जमले. त्यानं सगळं सांगितलं. पोरीचा नंबर, जन्मतारीख, कामाची वेळ कोणाला पाठवू नका. ग्रुपमध्ये आपले लोक दिसतात, पण ज्याचं तोंड पाहिलं नाही तो आपला नाही. एकदा पाठवलेला फोटो देवालाही परत आणता येत नाही. असं काही झालं तर पोरीला कोंडू नका, पोलिसांत जा, पोरीचा गुन्हा नसतो. हे ऐकताना बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या.

खरं सांगायचं तर त्यानं मोठं काम केलं. तालुक्यात कितीतरी बायांनी त्याच्यामुळे लेकींचे फोटो काढून टाकले. बचत गटांनी त्याला बोलावलं, कॉलेजनं बोलावलं, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नाटकाआधी त्याला मंचावर चढवलं. शाल-श्रीफळ मिळालं. दर ठिकाणी तो नाव घेऊन सांगायचा. नाव-गावाशिवाय गोष्ट म्हणजे त्याच्या लेखी थाप. "नाव सांगतलं तं लोकाइले पटते," असं तो म्हणे.

सुखवंतानं एकदा विचारलं होतं, "तिचं नाव कायले घेता जी?"

"तिच्यासाठीच तं करून राहिलो सप्पा," तो म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता.

कॉलेजातलं त्याचं भाषण कोणीतरी मोबाइलवर घेतलं आणि चांगल्या मनानं सगळीकडे पाठवलं. रडणारा म्हातारा बाप, मोकळं बोलणं. लोकांना ते फार आवडलं. बालाघाटहून फोन आले, रायपूरहून आले. कुंजीलालला वाटलं, आपलं प्रायश्चित्त झालं. पोरगीही कुठंतरी पाहील आणि तिला कळेल की बाप तिच्यासाठी उभा आहे.

पोरीनं ते पाहिलं.

ती आली ती एका दुपारी, न कळवता. कुंजीलालला दुकानातून रस्त्यावर ती दिसली आणि त्याचं काळीज सुपाएवढं झालं. गेल्यापासून ती पहिल्यांदा गावात पाय ठेवत होती. तो दुकान तसंच टाकून तिच्यामागे घरी धावला. वाटेत मंदाबाईला ओरडून सांगितलं, "दुर्गेश्वरी आली वो! माही दुर्गेश्वरी आली!" घरी आल्या आल्या सुखवंताला म्हणाला, "चांगलं काही शिजव."

दुर्गेश्वरी खाटेच्या कडेला बसली. वाळली होती. तिनं मोबाइल काढून बापासमोर धरला. त्यातून कुंजीलालचाच आवाज आला, खणखणीत: "माह्या पोरीचं नाव दुर्गेश्वरी!" तिनं तो बंद केला.

"माह्या वॉर्डातल्या बाईनं दाखवलं मले. 'ये आपके पापा हैं क्या?' म्हनून इचारलं. मंग सप्पाइनं नाव टाकून शोधलं. जुन्या फोटो निघाल्या. तिथं कोनाले काही मालूम नव्हतं, बाबूजी. मी तिथं नुसती सिस्टर होती."

"पन मी तं चांगल्यासाठी..."

"मालूम हाये मले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ज्यानं केलं त्या मानसाले मी वळखतही नाई. त्यानं एकदा टाकलं. तुमी दर बाजाराले टाकून राहिले."

कुंजीलालला स्टेशनवरचं तिचं बोलणं आठवलं. कोणाच्या तोंडात राहायचं नाही, असं ती म्हणाली होती. ते तोंड कोणाचं, हे त्याला आज कळलं.

सुखवंतानं शिजवलेलं ती चार घास जेवली. आता तेही शहर सोडायचं, दुसरीकडे जायचं, असं तिनं आईला सांगितलं. कुठे, ते सांगणार इतक्यात कुंजीलाल मध्येच म्हणाला, "थांब. माह्यासमोर सांगू नोको." दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या. "मायले सांगजो. मले नोको. माह्या तोंडाचा मलेच भरोसा नाई."

दुर्गेश्वरीच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. सोयरीक मोडली तेव्हा आलं नव्हतं ते. ती उठली, बापाच्या पाया पडली आणि पिशवी उचलली. सुखवंता तिच्याबरोबर स्टँडवर गेली. कुंजीलाल गेला नाही. कोणत्या गावची पाटी असलेल्या गाडीत ती बसते, हे त्याला पाहायचं नव्हतं. तो घरात खाटेवर बसून राहिला आणि गाडीचा हॉर्न ऐकून त्यानं कानांवर हात ठेवले.

त्यानंतर काही बाजार तो गेला नाही. नंतर जाऊ लागला, कारण बायका घरी येऊन विचारत, "भाऊ, पोरीच्या मोबाइलचं काय करावं?" आता तो खोक्यावर चढत नाही. मंदाबाईच्या शेजारी गोणपाटावर बसतो आणि दोघी-चौघींना जवळ बोलावून सांगतो. ऐकायला पुढे वाकावं लागतं इतकं हळू. एवढं हळू बोलायला तो कधी शिकला, याचं मंदाबाईला अजून नवल वाटतं.

मागच्या हिवाळ्यात बाहेरगावची एक बाई लेकीला घेऊन आली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "ज्या पोरीचं असं झालं, ते तुमची कोन होती जी?"

"कोनी नाई," कुंजीलाल म्हणाला.

"तुमाले नाई काय पोरगी?"

"नाई."

मंदाबाई वांगी तोलत होती. तिनं मान वर केली नाही. पण त्या बाईच्या लेकीला राहवलं नाही. "मंग ते ताई आता कुठं हाये?"

याही प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं. आधीची दोन उत्तरं खोटी होती आणि ती त्यानं चटकन दिली होती. हे उत्तर खरं होतं, म्हणून त्याला वेळ लागला.

"मालूम नाई, माय," तो म्हणाला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सुखवंता चुलीपाशी होती. तिचा मोबाइल वाजला. तिनं नंबर पाहिला आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. कुंजीलालनं नुकतेच पाय धुतले होते. तो काही न बोलता उठला, चपला पायात घातल्या, अंगणात गेला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.